कोकण किनाऱ्याच्या निसर्गचित्रणासाठी वाइड अँगल लेन्स आणि फोकल लेन्थची निवड

समुद्र, आकाश, माडांची रांग आणि दूरचा किल्ला हे सगळे एका चौकटीत बसवायचे असेल तर वाइड अँगल लेन्स लावावी, असा सल्ला नवख्यांना सर्रास दिला जातो आणि कोकणातल्या बऱ्याच निसर्गचित्रांचा रिकामेपणा तिथूनच सुरू होतो. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या वळणावरून १६ मिमी फोकल लेन्थने (हा मिमीतला आकडा जितका लहान, तितके लेन्सचे दृश्य रुंद) टिपलेल्या छायाचित्रात अर्धे आकाश, अर्धे पाणी आणि मध्ये किनाऱ्याची बारीक रेघ एवढेच उरते, कारण कॅमेऱ्याच्या जवळ दाखवण्यासारखे काहीच नसते. अशा उंचावरच्या जागी ३५ ते ७० मिमी पुरेसे होतात. वाइड लेन्स खाली किनाऱ्याच्या वाळूत, म्हणजे पुळणीवर, आणि खडकांत, पायाशी काहीतरी असताना खुलते.

आकडे थोडक्यात पाहू. ३६ × २४ मिमीच्या फुल-फ्रेम सेन्सरवर १६ मिमी लेन्सला कर्णरेषेत सुमारे १०७ अंश दिसतात, २४ मिमीला ८४, ५० मिमीला ४७ आणि २०० मिमीला जेमतेम १२. निकॉन व सोनीच्या एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यांवर फोकल लेन्थला १.५ ने आणि कॅननवर १.६ ने गुणायचे असते, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ लेन्सचे १८ मिमीचे टोक २७ ते २९ मिमीसारखे काम करते आणि सुरुवातीला तेवढे खुशाल पुरते.

जवळच्या आणि दूरच्या वस्तूंच्या आकाराचे परस्परांशी असलेले प्रमाण मात्र लेन्स ठरवत नाही, ते आपण कुठे उभे राहतो यावर ठरते. मालवणच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, दोन मीटरवर २० मिमी लेन्स लावून उभे राहा. होडी चौकट भरून टाकते आणि मागचा सिंधुदुर्ग क्षितिजावरची पट्टी होऊन बसतो. आता मागे सरून नाळेपासून आठ मीटरवर या आणि ८० मिमी लावा. नाळ जवळजवळ तेवढीच मोठी राहते, पण किल्ला चौपट मोठा दिसू लागतो आणि तटबंदीचे बुरूज वेगळे ओळखू येतात. म्हणून आधी होडी महत्त्वाची की किल्ला हे ठरवावे, त्याप्रमाणे जागा घ्यावी आणि फोकल लेन्थ शेवटी निवडावी. एका जागी खिळून नुसती झूमची कडी फिरवत राहण्याने चौकट लहानमोठी होते, रचना बदलत नाही.

वाइड लेन्ससाठी हरिहरेश्वरचा खडकाळ किनारा उत्तम आहे. लाटांनी कोरलेल्या खडकांतल्या खळग्यांत ओहोटीच्या वेळी पाणी साचून राहते. असा एखादा खळगा निवडून ट्रायपॉडचे पाय पसरावेत आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणावा, म्हणजे पाण्यातले आकाशाचे प्रतिबिंब अग्रभागी येते. १६ मिमीला एफ/११ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो जितका मोठा तितके छिद्र लहान) सुमारे ८० सेंटीमीटरवर फोकस केल्यास ४० सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे रेखीव येते. २४ मिमीला त्याच छिद्रावर फोकस पावणेदोन मीटरवर न्यावा लागतो आणि रेखीवपणा ९० सेंटीमीटरच्या आसपास सुरू होतो. छिद्र एफ/१६ च्या पलीकडे लहान केले तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र किंचित मऊ पडते, त्यामुळे तो मोह टाळलेला बरा. परतणाऱ्या पाण्याच्या रेषा हव्या असतील तर शटर पाव ते अर्ध्या सेकंदाच्या दरम्यान ठेवून लाट मागे सरू लागताच बटण दाबावे.

येथे एक धोका लेन्समुळेच उद्भवतो. वाइड लेन्सच्या दृश्यात येणारी लाट प्रत्यक्षापेक्षा दूर आणि लहान भासते, त्यामुळे व्ह्यूफाइंडरला डोळा लावून लाटेचा अंदाज कधीही बांधू नये. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी खूप खाली जाते आणि खडक अधिक उघडे पडतात, पण भरतीही तितकीच वर चढते. तिची वेळ पाहून, पाणी फिरण्याआधीच सामान आवरावे.

क्षितिजाची काळजी समुद्रावर इतर कुठल्याही जागेपेक्षा जास्त घ्यावी लागते. ते तिरके झाले तर कळतेच, शिवाय अनेक वाइड लेन्स चौकटीच्या वरच्या किंवा खालच्या कडेजवळची सरळ रेघ बाहेरच्या बाजूला फुगवतात. ते संपादनात लेन्स-प्रोफाइलने, म्हणजे त्या लेन्सच्या दोषांच्या तयार नोंदीने, दुरुस्त करता येते. कॅमेरा वर कलवला की माड आणि सुरूची झाडे आतल्या बाजूला झुकतात. झाडे सरळ हवी असतील तर कॅमेरा समतल ठेवून थोडे मागे जावे आणि खालची जादा वाळू नंतर कापून टाकावी. माणूस किंवा होडी कोपऱ्यात ठेवू नये, तिथे आकार ताणले जातात.

पोलरायझर हा लेन्सपुढे लावायचा फिल्टर ओल्या जांभ्यावरची आणि पाण्यावरची चकाकी सुरेख घालवतो, परंतु सूर्यापासून ९० अंशांवरचे आकाशच तो सर्वाधिक गडद करत असल्याने २४ मिमीपेक्षा कमी फोकल लेन्थला निळ्या आकाशात एका बाजूला काळपट डाग उमटतो. आकाश ढगाळ असेल किंवा चौकटीत कमी असेल तेव्हाच तो लावावा. समुद्राचे तुषार वाइड लेन्सच्या काचेवर पटकन बसतात, आणि सूर्य समोर असताना एफ/११ किंवा एफ/१६ वर त्यांचा प्रत्येक थेंब चित्रात दिसतो. पुसण्याआधी हवा फुंकणाऱ्या ब्लोअरने वाळू उडवून द्यावी, नाहीतर फडक्याखालचा एक कण काचेवर ओरखडा पाडायला पुरेसा असतो.

सड्यावरून, म्हणजे उंचावरच्या खडकाळ पठारावरून, खाडीचे मुख आणि किनारा एकत्र घ्यायचा झाल्यास १६ मिमी वापरण्यापेक्षा ५० मिमीची उभी छायाचित्रे, प्रत्येकी एक-तृतीयांश भाग एकमेकांवर येईल अशी घेऊन जोडावीत. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) मात्र पहिल्या छायाचित्रालाच मॅन्युअलवर कायम करून ठेवावेत.