लव्हक्राफ्टच्या पद्धतीने भयकथा रचायची कशी

लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराला वाचून भयकथा लिहायला बसणारे बहुतेक जण त्याच्याकडून नेमकं नको ते उचलतात: सोंडांचे राक्षस, उच्चारता न येणारी नावं आणि 'अवर्णनीय', 'अमानुष' असल्या विशेषणांची रास. त्याची काम करण्याची पद्धत मात्र तशीच पडून राहते. खरं तर ती त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. १९३३ च्या सुमाराचं ते छोटं टिपण त्याच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये छापलं गेलं. त्यात पाच पायऱ्या आहेत: घडलेल्या क्रमाने आराखडा, सांगण्याच्या क्रमाने दुसरा आराखडा, भराभर पहिला खर्डा, कसून दुरुस्ती आणि शेवटी स्वच्छ टाइप केलेली प्रत. कथेचा खरा जीव पहिल्या दोन पायऱ्यांत असतो, म्हणून इथेही जास्त वेळ त्यांनाच दिला आहे.

चरित्र कामापुरतंच पाहू. हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) हा अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्सचा. वडील बटलर हॉस्पिटल या मनोरुग्णालयात १८९८ मध्ये गेले, आई त्याच ठिकाणी १९२१ मध्ये. शाळा अर्धवट सुटली, नोकरी अशी कधी धड केलीच नाही. दुसऱ्यांच्या लेखनावर हात फिरवून जे मिळेल त्यात घर चालवायचं आणि उरलेला वेळ हजारो पत्रं लिहिण्यात घालवायचा. १९२४ ते १९२६ ही दोनेक वर्षं लग्नानंतर न्यूयॉर्कमध्ये काढली. बाकी मुक्काम प्रॉव्हिडन्सलाच.

आधी वही

आराखड्याच्याही आधी कल्पनांची वही हवी. लव्हक्राफ्टने १९२० च्या आसपास अशी वही सुरू केली. तिच्यात दोनशेच्या वर नोंदी जमल्या, बहुतेक एकदोन ओळींच्या. एक नोंद अशी: एक माणूस आपण नुकतंच घडवलेलं उठावशिल्प घेऊन पुराणवस्तूंच्या संग्रहालयात जातो. म्हातारा संग्राहक हसून म्हणतो, इतकी नवी वस्तू आम्ही घेत नाही. ही नोंद त्याला पडलेल्या स्वप्नावरून आली होती आणि वहीत काही वर्षं तशीच पडून होती. १९२६ च्या उन्हाळ्यात लिहिलेल्या 'द कॉल ऑफ क्थुलू' या कथेत तोच माणूस ओलसर मातीची पाटी घेऊन प्राध्यापकाच्या दारात उभा राहिला.

नोंद करताना खुलासा लिहू नका. 'भिंतीचा कागद रात्री तडकतो' एवढंच पुरे. 'द रॅट्स इन द वॉल्स' ही कथा अशाच क्षुल्लक आवाजावरून सुचल्याचं त्याने सांगितलं आहे. खुलासा जागेवरच लिहून टाकला की कल्पना तिथेच बंद होते. पुढे ती दुसऱ्या एखाद्या नोंदीला जोडता येत नाही.

पहिला आराखडा: जे घडलं, त्या क्रमाने

कथा कशी सांगायची हे क्षणभर विसरा. कागदावर चार रकाने आखा: तारीख, घटना, ती तेव्हा कोणाला कळली, आणि निवेदकाला कशातून कळते. पहिले दोन सगळेच भरतात. शेवटचे दोन रकाने भरताना घाम फुटतो, आणि कथा उभी राहते ती तिथेच.

'क्थुलू'चा पहिला आराखडा मागे जाऊन मांडला तर साधारण असा दिसतो. १ नोव्हेंबर १९०७: न्यू ऑर्लिन्सचा पोलीस इन्स्पेक्टर लग्रास दलदलीतल्या एका पंथावर छापा घालतो आणि एक मूर्ती जप्त करतो. १९०८: सेंट लुईसला पुरातत्त्वज्ञांच्या सभेत तो ती दाखवतो. १९२५ च्या फेब्रुवारीअखेर भूकंप होतो. १ मार्चला विलकॉक्स हा तरुण शिल्पकार स्वप्नावरून घडवलेली पाटी प्राध्यापक एंजेलकडे आणतो. २३ मार्चला तो तापाने फणफणतो, आणि त्याच दिवशी पॅसिफिक महासागरात काही खलाशी वर आलेल्या बेटावर उतरतात. २ एप्रिलला इकडची स्वप्नं आणि तिकडचं सगळं एकदम थांबतं. १९२६–२७ च्या हिवाळ्यात प्राध्यापक संशयास्पदरीत्या मरतो.

या क्रमाने कथा सांगितली तर ती पोलिसी अहवालासारखी कोरडी होईल. ते चालेल. या टप्प्याला वाचकाला घाबरवायचं नाही, फक्त कुठे भोक राहिलेलं नाही ना हे पाहायचं. ज्या घटनेसमोर 'निवेदकाला कशातून कळते' हा रकाना रिकामा राहील, तिच्यासाठी एखादा कागद, साक्षीदार किंवा वस्तू तयार करा. ते जमत नसेल तर घटना काढून टाका. शेवटी एखादं पात्र अचानक तीन पानं भरून खुलासा करू लागतं, ते बहुतेक वेळा हा रकाना टाळल्यामुळे.

दुसरा आराखडा: सांगण्याचा क्रम

आता तीच घटनांची यादी कात्रीने ओळीओळीने कापा आणि पुन्हा लावा. 'क्थुलू'त कथा सुरू होते ती शेवटाजवळच्या घटनेने: प्राध्यापक मेला आहे आणि त्याची कुलूपबंद पेटी त्याच्या नात्यातल्या निवेदकाच्या हाती आली आहे. पेटीतून १९२५ ची स्वप्नं निघतात, त्यांच्यामागून १९०७ चा छापा. मग योगायोगाने सिडनीच्या वर्तमानपत्राचा एक तुकडा सापडतो आणि सर्वांत शेवटी नॉर्वेच्या खलाशाचं हस्तलिखित. सगळी स्वप्नं ज्या एका दिवसामुळे पडली तो २३ मार्च वाचकासमोर उलगडतो तो थेट अखेरीस. तारीख मात्र त्याला आधीच पाठ झालेली असते. तापाचा दिवस आणि बेटाचा दिवस एकच, हे वाचक स्वतः जुळवतो आणि तिथेच दचकतो. लेखकाने ते बोट दाखवून सांगितलं असतं तर परिणाम अर्ध्यावर आला असता.

दोन आराखडे जुळेनात तर पहिला बदला. लव्हक्राफ्टने तशी मोकळीक स्पष्ट दिली आहे: परिणाम वाढणार असेल तर मूळ घटनाच फिरवावी. घाई मात्र नको. या कथेचं कथानक त्याने ऑगस्ट १९२५ मध्ये ब्रुकलिनला असताना मांडलं आणि कथा लिहिली ती वर्षभराने, प्रॉव्हिडन्सला परतल्यावर.

नवल एकच, बाकी सगळं खरं

अशक्य गोष्ट कथेत एकच असावी आणि तिच्याभोवतीचं जग काटेकोर खरं असावं, हा त्याचा नियम. भूकंपाचंच बघा. २८ फेब्रुवारी १९२५ ला क्वेबेकमध्ये खरोखरच मोठा भूकंप झाला आणि अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये त्याचे धक्के जाणवले. तोच त्याने कथेत घेतला. विलकॉक्स राहतो ती प्रॉव्हिडन्सच्या थॉमस स्ट्रीटवरची इमारत आजही उभी आहे. मातीच्या पाटीचं मापही दिलेलं आहे: अंदाजे पाच बाय सहा इंच, जाडी एका इंचापेक्षा कमी.

मराठीत लिहिताना त्याच्या कथांमधलं मॅसॅच्युसेट्स उसनं आणायची गरज नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, एखाद्या धरणात बुडालेलं गाव, गॅझेटियरमधला उतारा, फेरफार नोंद, पंचनामा, मोडीतलं पत्र असा कितीतरी ऐवज हाताशी आहे. फक्त प्रत्येक कागदाची भाषा वेगळी ठेवा. पंचनाम्यात 'काळजाचा थरकाप' येऊ लागला की वाचक लेखकाला पकडतो.

खुणांचा चढ

'द कलर आउट ऑफ स्पेस' (१९२७) या कथेचा आलेख वहीत काढून बघण्यासारखा आहे. शेतात उल्का पडते. प्रयोगशाळेत तिचे नमुने तपासले जातात, त्यांचा मेळ लागत नाही, आणि दगड आक्रसत जातो. त्या हंगामात फळं टपोरी, चकचकीत येतात पण चवीला कडू निघतात आणि सगळं पीक वाया जातं. हिवाळ्यात बर्फातले प्राण्यांचे ठसे किंचित चुकीचे वाटतात. वसंतात फुलांचे रंग नेहमीचे नसतात, वारा नसताना फांद्या हलतात. पुढे दूध नासतं, झाडंझुडपं करडी पडून भुगा होऊ लागतात, आणि तोवर घरातली माणसंही सुटलेली नसतात.

पहिली मोठी खूण भीतीची नाही, नुकसानीची आहे, हे लक्षात ठेवा. शेतकऱ्याला आधी बाजारभावाची काळजी लागते. तुमच्या कथेतही पहिल्या तीन खुणा अशा ठेवा की शहाणा माणूस त्यांना साधं कारण देऊ शकेल. चौथीला ते कारण तोकडं पडावं. सातआठ खुणांच्या पुढे जाऊ नका, आणि एकदा वापरलेली खूण मोठी करून पुन्हा आणू नका.

खर्डा आणि दुरुस्ती

खर्डा भराभर लिहा, मागे वळून वाचू नका. दुरुस्तीला मात्र सवड काढा. 'भयाण', 'विचित्र', 'अनामिक', 'गूढ' हे शब्द फाइलमध्ये शोधा आणि प्रत्येक ठिकाणी त्याऐवजी माप, वास, वजन किंवा पोत देता येतो का ते पाहा. लव्हक्राफ्ट स्वतः विशेषणांत वाहून जायचा, पण उत्तम लिहितो तेव्हा मोजमाप देतो. 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस'मध्ये अंटार्क्टिकात सापडलेल्या जिवाचं वर्णन बिनतारी संदेशातून येतं: पिंपासारखा आकार, लांबी सहा फूट, मधला व्यास साडेतीन फूट, टोकांना एक फूट. हे वाचून जितकं अस्वस्थ व्हायला होतं, तितकं विशेषणांच्या रांगेने होत नाही.

त्याच्या काही खोडी मात्र सोडून द्याव्यात. राक्षस दाराशी आला तरी डायरी लिहीत बसलेला निवेदक आता हसूच आणतो. शेवटचं वाक्य तिरक्या अक्षरांत छापून दणका देण्याची सवयही तशीच. आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे त्याचा वंशद्वेष. १९२५ च्या 'द हॉरर अ‍ॅट रेड हुक'मध्ये ब्रुकलिनचे स्थलांतरितच भयाचं कारण ठरवले आहेत, आणि 'क्थुलू'तला दलदलीचा भागही याच कारणाने कथेत सर्वांत कच्चा राहिला आहे. वर्ल्ड फँटसी पुरस्काराची त्याच्या चेहऱ्याची मूर्ती २०१५ नंतर बदलली ती याच वादातून. आपल्याकडे हीच चूक पाड्यावरच्या भगताला किंवा गावकुसाबाहेरच्या वस्तीला खलनायक करून होते. नैतिक बाजू क्षणभर बाजूला ठेवली तरी कारागिरी म्हणून ती आळशी आहे, कारण लेखकाला मूळ भय घडवावंच लागत नाही, वाचकाच्या मनातला जुना पूर्वग्रह आयता वापरता येतो.

स्वच्छ प्रत

पाचव्या पायरीवर गुरू स्वतःच घसरला. टाइप करण्याचा त्याला मनस्वी कंटाळा. 'द केस ऑफ चार्ल्स डेक्स्टर वॉर्ड' ही पन्नासेक हजार शब्दांची कादंबरी त्याने १९२७ मध्ये लिहिली, पण ती छापली गेली त्याच्या मृत्यूनंतर, १९४१ मध्ये. १९२३ मध्ये 'वियर्ड टेल्स' या मासिकाकडे पाच कथा पाठवल्या त्या ओळींमध्ये जागा न सोडता. संपादकाने दुहेरी अंतर सोडून पुन्हा पाठवायला सांगितलं तेव्हा कुरकुरत एकच टाइप केली. मार्च १९२४ मध्ये जादूगार हूडिनीसाठी लिहिलेल्या कथेची टंकलिखित प्रत लग्नाला निघताना प्रॉव्हिडन्सच्या रेल्वे स्थानकावर हरवली आणि मधुचंद्रात नवराबायकोला ती पुन्हा टाइप करत बसावं लागलं. तेव्हा प्रत युनिकोडमध्ये ठेवा, एक नक्कल दुसरीकडे, आणि दिवाळी अंकासाठी पाठवायची असेल तर पावसाळ्यातच पाठवा.

नकार आला तर कथा पेटीत टाकू नका. 'क्थुलू' ही कथा 'वियर्ड टेल्स'चा पुढचा संपादक फार्न्सवर्थ राइट याने आधी परत पाठवली होती. नंतर घेतली, फेब्रुवारी १९२८ च्या अंकात छापली आणि १६५ डॉलर दिले. 'माउंटन्स ऑफ मॅडनेस'ला १९३१ मध्ये त्याच संपादकाने लांबीचं कारण देऊन नकार दिला, तेव्हा लव्हक्राफ्ट इतका खचला की ती दुसरीकडे पाठवलीच नाही. अखेर १९३६ मध्ये ती 'अस्टाउंडिंग स्टोरीज'ने तीन अंकांत छापली, तीही दुसऱ्यांनी खटपट केली म्हणून.