घरभर माणसं आणि एकच खेळ: निवडताना या चुका टाळा

गणपतीत किंवा मे महिन्यात कोकणातलं घर भरलं की जेवणं उरकल्यावर कुणीतरी विचारतंच, "काय खेळूया?" बहुतेक घरांत चूक तिथेच होते. आधी खेळ ठरतो आणि मग माणसं त्यात कोंबली जातात. तुम्ही उलट करा. ओटीवर कोण कोण जमलंय ते बघा. सगळ्यांत लहान पोर कोण, सगळ्यांत म्हातारं माणूस कोण आणि दर दहा मिनिटांनी उठून चुलीकडे कोण जातंय? या तिघांना झेपेल तोच खेळ घ्यायचा. बाकीचे कशातही रमतात.

तिसऱ्या माणसाचा विचार जवळजवळ कुणीच करत नाही, आणि मला सगळ्यांत जास्त खटकतं ते हेच. मेंढीकोटचं उदाहरण घ्या. चार माणसं, दोन जोड्या, प्रत्येकाला 13 पानं आणि चारही दश्श्या पकडायची ईर्ष्या. खेळ उत्तमच आहे, पण काकी उकड बघायला उठली की तिघं पानं धरून ताटकळतात. दोनदा असं झालं की तीच म्हणते, "तुम्ही खेळा, माका काम आसा." त्यानंतर ती दिवसभर खेळायला बसत नाही, आणि आपण म्हणतो की तिला खेळायची आवडच नाही. अशा वेळी बदाम सात काढा. तिची पानं शेजारचा लावू शकतो आणि ती परत आली की पुढची पाळी तिची. नाहीतर भेंड्या लावा. गाणं स्वयंपाकघरातूनही म्हणता येतं, आणि वेळेवर सुचलं तर भेंडी चढत नाही. त्याहून बरं म्हणजे लसूण सोलणं, भाजी निवडणं ही कामंच ओटीवर आणा आणि पुरुषांनीही हात लावा. हात कामात असले तरी भेंड्या चालतात.

दुसरी चूक माणसांच्या संख्येची. चौघांचा खेळ मांडायचा आणि बाकी सात जणांनी बघत बसायचं, असं अर्धा तास चाललं की त्यातले तिघे मोबाईल काढतात. मग मोबाईलच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. बदाम सात आठ जणांतही चालतो. चौघांना सात आणि चौघांना सहा पानं येतात, त्याने काही बिघडत नाही. मेंढीकोटच हवा असेल तर चारही दुर्र्या बाजूला काढा. उरलेली 48 पानं सहा जणांत आठ-आठ किंवा आठ जणांत सहा-सहा अशी सरळ वाटली जातात आणि एकाआड एक बसवून दोन संघ होतात. सापशिडीत सोंगट्या कमी पडल्या तर किनाऱ्यावरच्या शिंपल्या आणि कवड्या आहेतच. ज्याने जी उचलली ती त्याची.

सहा वर्षांच्या मुलाच्या हातात 13 पानं मावत नाहीत. ती खाली पडतात, सगळ्यांना दिसतात आणि ते रडकुंडीला येतं. त्याला आजीच्या जोडीला बसवा. पानं आजीने धरायची, टाकायची नातवाने. आजीला बारीक आकडे दिसत नसतील तर मोठ्या आकड्यांचा जोड आणा, बाजारात सहज मिळतो. हरल्यावर मूल रडत असेल तर लांबणारे खेळ टाळा. गुलामचोरीचा डाव पटकन संपतो आणि लगेच दुसरा सुरू होतो, त्यामुळे हरल्याचं दुःख फार वेळ टिकत नाही. मुद्दाम हरून त्याला जिंकवू मात्र नका, मुलांना ते कळतं. सापशिडीत साप आजोबांनाही तेवढाच गिळतो जेवढा नातवाला, म्हणून पाच वर्षांचं पोर तिथे खरोखर जिंकू शकतं.

व्यापार हा खेळ दोन-तीन तास चालतो. तो पावसाळी दुपारसाठी ठेवा, आरतीच्या आधी मांडू नका.

हौसेपोटी अवघड खेळ आणणं हीसुद्धा नेहमीची चूक. सावंतवाडीला गेलात तर राजवाड्यात गंजिफा जरूर बघा. हाताने रंगवलेली ती गोल पानं बघून मन भरून येतं. पण दशावतारी गंजिफ्यात 120 पानं आणि विष्णूच्या अवतारांचे दहा रंग असतात. राजा आणि प्रधान यांच्याखाली पाच रंगांत दहा नंबरचं पान वरचढ, तर उरलेल्या पाचांत उलट एक्का वरचढ. खेळ लक्षात ठेवण्याचा आहे आणि मुख्यतः तिघांचा. घरात बारा माणसं जमलेली असताना तो शिकवायला बसलात तर दोघंच उरतील. तो घ्या, जपा, आणि आजोबांना गोडी असेल तर निवांतपणी त्यांच्याकडून शिका. जमलेल्या सगळ्यांसाठी 52 पानं पुष्कळ झाली.

पावसात खेळच बिघडतात, आणि आपल्याकडे पाऊस चार महिने. कागदी पत्ते दमट हवेने एकमेकांना चिकटतात, पिसता येत नाहीत. प्लास्टिकचे घ्या आणि खेळून झाल्यावर पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कॅरमचा बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवला की बाक घेतो, मग सगळ्या सोंगट्या एकाच कडेला घसरतात. तो सपाट ठेवा, ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब. पावडरीचे खडे झाले असतील तर चाळून घ्या. घरात रांगतं मूल असेल तर बोरिक पावडर वापरूच नका, पोटात गेली तर अपाय होतो. आणि वादळवाऱ्यात लाईट गेली की कंदिलाच्या उजेडात चालेल असं काहीतरी आधीच ठरलेलं असावं. भेंड्या आहेत, कोडी आहेत. सागरगोटेही आहेत, ते तर आपल्या किनाऱ्यावरच्या काटेरी वेलीवर फुकट मिळतात.

नियमांवरून भांडणं होतात ती चाकरमानी आणि गावची मंडळी एकत्र बसली की. मुंबईच्या घरी एक रीत, इथे दुसरी. पहिलं पान पडण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्याने नियम मोठ्याने सांगायचे आणि त्या दिवशी तेच चालवायचे. पैसे लावू नका. पाच-पाच रुपयांवरूनही दोन भाऊ दुसऱ्या दिवशी अबोला धरतात, आणि मुलं ते बघत असतात. चिंचोके किंवा काजूच्या बिया लावा.

बाहेर खेळायचं असेल तर सात कौलांचे चपटे तुकडे शोधा आणि खळ्यात लगोरी लावा. जांभ्या दगडाचे तुकडे नकोत, पायावर पडले की लागतं. किनाऱ्यावर जाणार असाल तर ओहोटी बघून निघा. ओलसर, घट्ट वाळूवर पळता येतं आणि चेंडूही उसळतो. सुरूच्या सावलीत आजीची खुर्ची मांडा आणि कोण बाद झालं याचा निकाल तिच्याकडे द्या. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते, म्हणून काल चारला मोकळी असलेली वाळू आज चारलाही तेवढीच मोकळी असेल असं धरू नका. निघण्यापूर्वी गावातल्या मच्छीमाराला विचारा. पावसाळ्यात खेळ वाळूपुरताच ठेवा आणि चेंडू पाण्यात गेला तर जाऊ द्या, त्याच्यामागे कुणीही आत शिरायचं नाही, हे मुलांना घरातून निघतानाच बजावून सांगा.