यंत्रमाग कारखान्यात आरोग्यावरचा खर्च: कुठे करावा, हिशेब कसा मांडावा

अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीत दुकानांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून आरोग्य कार्यक्रम राबवला गेला. २०१९ साली निष्कर्ष आला: दीड वर्षाने उपचारखर्चात किंवा गैरहजेरीत ठळक फरक नाही. त्या कार्यक्रमात भर होता तो माहिती देण्यावर आणि सवयी बदलण्यावर. म्हणून सोलापूरच्या टॉवेल-चादरीच्या कारखानदारांना आमचा आग्रह आहे की आरोग्य शिबिराच्या मांडवाआधी मागांच्या शेडमध्ये पैसे घाला.

आधी हजेरीपटात आजारपणाच्या रजेला वेगळी खूण करा. जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्ट्या त्यात मिसळू नका. तोटा काढताना एका नगाच्या विक्रीच्या किमतीतून सूत, मजुरी आणि वीज वजा करा. उरलेल्या रकमेला बंद राहिलेल्या पाळीत बुडालेल्या नगांनी गुणा. बदली कामगाराकडून निघालेला दुय्यम मालही धरा. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, कारण मे आणि डिसेंबरची बरोबरी होत नाही.

सर्वांत लवकर फायदा दिसतो पाण्यात. सूत तुटू नये म्हणून शेडमध्ये दमटपणा राखतात, त्यामुळे घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. उन्हाळ्यात दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण २५० मिली पाणी हवं. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको. पिंप दाराशी ठेवलं की योजना फसते. मजुरी नगावर असते, माग सोडून पाण्याला जाणं म्हणजे पैसे गमावणं. पाणी मागांच्या रांगेत न्या आणि दुपारी माग सांभाळायला एक जादा माणूस ठेवा. पेटके आले तर काम थांबवून सावलीत बसवा आणि ओआरएस द्या. शुद्ध हरपली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत थेट रुग्णालय गाठा.

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं तिथे आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर असतो. तिथे कान वाचवायला फोमचे बोळे द्या. ते स्वच्छ हातांनी बारीक वळायचे, कान वर-मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचे. नुसते कानाच्या तोंडाशी टेकवले तर उपयोग जवळजवळ शून्य.

मागावरची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, व्हॅक्यूमने ओढा. सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, असं कुणी सांगितलं तर डॉक्टरांना कापसाच्या धुळीबद्दल आवर्जून सांगा.

ईएसआयसीचा (कामगारांच्या सरकारी विम्याचा) हप्ता तुम्ही वेतनाच्या ३.२५ टक्के भरता, कामगार ०.७५ टक्के. पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. हे कित्येकांना माहीत नसतं, म्हणून ते तापातही कामावर येतात. कार्ड आणि घरच्यांची नोंद पूर्ण आहे का, ते कार्यालयाने तपासावं.

रक्तदाब शेडबाहेर, पाच मिनिटं बसवून मोजा. आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नको. १४०/९० किंवा जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, पुन्हा तेवढा आला तर डॉक्टरांकडे पाठवा आणि त्या दिवसाची मजुरी कापू नका.