म्यूझस्कोअरमध्ये जॅझ कॉर्ड लिहिताना

म्यूझस्कोअर या संगीतलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाची) चिन्हं साध्या मजकुरासारखी टाइप करू नका. तसं केलं तर स्वरपट्टी बदलताना कॉर्ड जुन्याच पट्टीत राहतात. स्वर निवडून कंट्रोल + के दाबा, कॉर्ड लिहा, स्पेसबारने पुढच्या जागी जा. टॅबने थेट पुढच्या मापात, म्हणजे पुढच्या दोन उभ्या रेघांमधल्या भागात.

कोमलसाठी लहान बी, तीव्रसाठी हॅश. मेजर सेव्हन्थ या कॉर्डप्रकाराचा त्रिकोण हवा असेल तर लहान टी लिहून ७, डिमिनिश्डच्या गोलासाठी लहान ओ, हाफ-डिमिनिश्डच्या छेदलेल्या गोलासाठी शून्य. ओ आणि शून्य यांची गल्लत हमखास होते, आणि दोन्ही कॉर्ड अगदी वेगळे वाजतात.

हस्ताक्षरासारखं वळण हवं असेल तर फॉरमॅट, स्टाइल, कॉर्ड सिम्बॉल्स इथे जाऊन ‘जॅझ’ निवडा. सगळ्या पानांवर एकदम लागू होतं. एकेका कॉर्डचा फाँट बदलत बसणं म्हणजे नसता उद्योग. मात्र या वळणात मेजरचा मोठा एम आणि मायनरचा लहान एम घाईत सारखेच दिसतात. म्हणून मेजरला त्रिकोण, मायनरला आडवी रेघ बरी. अंधाऱ्या स्टेजवर पियानोवाल्याला विचार करायला वेळ नसतो.