सारनाथ-बोधगयेला जाताय? आधी शुक्रवार बघा

लांबून सारनाथला जायचं आणि अशोकस्तंभाचं चार सिंहांचं शीर्ष न बघताच परतायचं, असं अनेकांचं होतं. कारण साधं आहे: तिथलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. बोधगया आणि नालंद्याच्या संग्रहालयांचंही तसंच.

१. तिकीट काढण्याआधी कॅलेंडरवर शुक्रवारावर खूण करा.
२. गया-वाराणसी प्रवास त्याच दिवशी ठेवा.
३. ते जमत नसेल, तर शुक्रवार बोधगयेतल्या महाबोधी मंदिरासाठी ठेवा. ते रोज उघडं असतं, आणि बोधिवृक्षाखाली घाईने बसण्यात तसाही अर्थ नाही.

महाबोधी मंदिरात मोबाइल नेता येत नाही. तो जमा करण्यापूर्वी सगळ्यांनी भेटायची जागा आणि वेळ ठरवून घ्या, विशेषतः सोबत म्हातारी माणसं असतील तर.

लेण्यांनाही अशीच सुट्टी असते: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.