मॉडबसची लाइन ओढण्याआधी

डिप्लोमा किंवा आयटीआय करून पॅनेलच्या कामाला लागलं की एक काम हमखास वाट्याला येतं: वीस-पंचवीस एनर्जी मीटर आणि चार-दोन व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) आरएस-४८५ या डेटा लाइनवर जोडून पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) द्यायचे. या लाइनवर उपकरणं ज्या ठरावीक भाषेत बोलतात ती मॉडबस. त्यानंतर ‘कम्युनिकेशन येत नाही’ अशी जी तक्रार येते, तिचं मूळ बहुतेक वेळा प्रोग्रॅममध्ये नसतं, वायरिंगमध्ये असतं.

लाइन एका उपकरणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशीच न्यायची. जंक्शन बॉक्समधून चारीकडे फाटे फोडले तर केबल वाचते, पण प्रत्येक फाट्याच्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि डेटा बिघडवतो. मीटरवर येणारी आणि पुढे जाणारी तार एकाच दुहेरी फेरूलमध्ये (तारांच्या टोकांवर बसवायची धातूची नळी) दाबा. उद्या मीटर बदलायला काढला तरी पुढची लाइन चालू राहते.

केबल १२० ओहम इम्पीडन्सची, पीळ दिलेली, शील्ड असलेली घ्या. ‘ए’ आणि ‘बी’ या डेटाच्या दोन तारांत भागतं असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. तिसरी, सगळ्यांचा शून्य व्होल्ट एक करणारी कॉमनची तार प्रत्येक उपकरणाला हवीच. रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच कॉमन-मोड व्होल्टेज (दोन्ही तारांवर सारखंच येणारं व्होल्टेज) सोसतो. दोन पॅनेलच्या अर्थिंगमध्ये त्याहून जास्त फरक पडला की आधी डेटा अडखळतो, मग पोर्ट जळतो. शील्ड सगळीकडे अखंड पुढे न्यायची आणि अर्थला एकाच टोकाला, शक्यतो पीएलसीच्या पॅनेलमध्ये, जोडायची. व्हीएफडीकडून मोटरला जाणाऱ्या केबलपासून निदान ३०० मिमी लांब राहा; ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून १२० ओहमचे रेझिस्टर लाइनच्या दोन टोकांना, फक्त दोनच. तपासायला सगळा सप्लाय बंद करून ‘ए’ आणि ‘बी’ यांच्यात मल्टिमीटर लावा. ६० ओहमच्या आसपास दिसलं तर ठीक. १२० म्हणजे एक रेझिस्टर राहिला किंवा तार मध्येच तुटली, ४० म्हणजे कुणीतरी मधल्या ड्राइव्हमधल्या रेझिस्टरचा स्विचही ऑन करून ठेवलाय. बायसिंग (शांत लाइनला ठरावीक व्होल्टेजवर धरून ठेवणारे रेझिस्टर) एकाच ठिकाणी, बहुधा मास्टरवर, म्हणजे इथे पीएलसीवर. लाइन शांत असताना ‘ए’-‘बी’मध्ये किमान २०० मिलिव्होल्ट हवेत, नाहीतर रिसीव्हर हवेतला कचराही डेटा म्हणून वाचतो.

‘ए’ आणि ‘बी’ यांची नावं सगळे उत्पादक सारखी लावत नाहीत. टर्मिनलवर अधिक-उणे लिहिलेलं असेल तर त्यावर जा. एखाद्याच कंपनीचे मीटर गप्प असतील तर त्यांच्या दोन तारा उलटून बघा. त्याने उपकरण जळत नाही.

आता सेटिंग. पत्ता १ ते २४७, दोघांना एकच द्यायचा नाही. बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक पकडायचा बिट), स्टॉप बिट (अक्षराचा शेवट दाखवणारा) सगळीकडे सारखे. आधी लॅपटॉप आणि यूएसबी कन्व्हर्टर घेऊन एकच मीटर वाचा, मग एकेक वाढवत जा. सगळे एकदम जोडले तर बिघाड कुठे हे शोधण्यात दिवस जातो.

९६०० बॉडला १० रजिस्टर (मीटरमधले आकड्यांचे कप्पे) वाचायला तारेवर सुमारे ३८ मिलिसेकंद लागतात. मीटरचा उत्तर द्यायचा वेळ वेगळा. टाइमआउट (उत्तराची वाट बघायचा वेळ) १ सेकंद आणि ३ रिट्राय (पुन्हा विचारणं) ठेवले, तर बंद पडलेला एकच मीटर दर फेरीला ४ सेकंद खातो. स्क्रीनवरचे बाकीचे आकडे सावकाश बदलू लागले, तर आधी तोच शोधा.