भूकंपलेखांवरून भ्रंशाच्या फाटण्याचे प्रतिमान कसे तयार करावे

नागपूरकरांच्या आठवणीतला भूकंप म्हणजे 22 मे 1997 रोजी पहाटे बसलेला जबलपूरचा धक्का. परंतु भ्रंश, म्हणजे खडकातील ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात ती, कोठे आणि किती सरकली याचे प्रतिमान करण्याच्या सरावासाठी तो निवडू नये. त्याचे मॅग्निट्यूड 5.8 होते आणि भ्रंशाचा फाटलेला भाग जेमतेम काही किलोमीटरचा असल्यामुळे दूरच्या भूकंपमापन केंद्रांना तो बिंदूसारखाच भासतो. त्याऐवजी 25 एप्रिल 2015 चा नेपाळमधील गोरखा भूकंप घ्यावा. त्याचे मॅग्निट्यूड 7.8 होते आणि जगभरच्या केंद्रांवरील नोंदी खुल्या उपलब्ध आहेत.

प्रथम अपिकेंद्रापासून (नाभीच्या, म्हणजे फाटणे जेथे सुरू झाले त्या जागेच्या, थेट वरच्या भूपृष्ठावरील बिंदूपासून) 30 ते 90 अंश अंतरावरील, म्हणजे पृथ्वीच्या मध्याशी तेवढा कोन करणाऱ्या, केंद्रांच्या पी-तरंगांच्या (सर्वांत आधी पोहोचणाऱ्या तरंगांच्या) नोंदी उतरवून घ्याव्यात. याहून जवळच्या केंद्रांकडे येणारे किरण वरच्या प्रावरणातील (कवच आणि गाभा यांच्यामधल्या भागातील) थरांत वळून एकमेकांत मिसळतात, तर पलीकडे पृथ्वीच्या गाभ्याची छाया पडते. नागपूर गोरख्यापासून सुमारे 9 अंशांवर असल्याने आपल्या शहरातील नोंद, मनाला रुखरुख लागली तरी, या पद्धतीत बाजूला ठेवावी लागते. केंद्रे चहूदिशांना विखुरलेली हवीत. एकाच बाजूची पन्नास केंद्रे घेण्यापेक्षा सर्व दिशांची वीस घेणे केव्हाही बरे. ऑब्सपायसारख्या पायथन ग्रंथालयाच्या साहाय्याने प्रत्येक नोंदीतून यंत्राचा स्वतःचा प्रतिसाद काढून टाकावा आणि पी-तरंगाच्या आगमनाची वेळ डोळ्यांनी पाहून पक्की करावी.

त्यानंतर भ्रंशप्रतल, म्हणजे ज्या सपाट पृष्ठावर भ्रंश सरकला ते, ठरवावे. भूकंपाच्या यंत्रणेतून (तरंगांवरून काढलेल्या सरकण्याच्या दिशेच्या आकृतीतून) नेहमी दोन संभाव्य प्रतले निघतात आणि दूरच्या तरंगांवरून खरे कोणते हे सहज कळत नाही. गोरख्यात उत्तरेकडे अगदी मंद उताराने जाणारे प्रतल निवडतात, कारण हिमालयाखालचा मुख्य क्षेपभ्रंश (ज्यावर एक बाजू दुसरीवर चढते तो भ्रंश) तसाच आहे. हे प्रतल प्रत्यक्ष फाटलेल्या भागाहून मोठे, समजा 200 किलोमीटर लांब व 100 किलोमीटर रुंद घ्यावे आणि त्याच्या 10 किलोमीटरच्या चौकटी पाडाव्यात. प्रत्येक चौकट एक मीटर सरकली तर प्रत्येक केंद्रावर कोणता तरंग दिसेल, हे पृथ्वीच्या थरांचे वेग गृहीत धरून आधीच काढून ठेवतात. यालाच ग्रीनचे फलन म्हणतात. मग या सर्व तरंगांची कोणती बेरीज प्रत्यक्ष नोंदीशी जुळते, हे लघुतम वर्ग पद्धतीने (फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून) शोधावे आणि चौकटी उलट दिशेने सरकू नयेत असे बंधन घालावे.

खरी कसोटी येथेच लागते. चौकटी दोनशे आणि नोंदी मोजक्या असल्याने उत्तरे अनेक निघतात, म्हणून शेजारच्या चौकटींतील सरकण फार भिन्न नसावी अशी अट घालावी लागते. ती सैल ठेवली तर चित्रात खोटे ठिपके उमटतात आणि फार घट्ट केली तर सारे पुसट होते. फाटण्याचा वेगही असाच फसवा आहे, कारण वेग जास्त धरला की मोठी सरकण नाभीपासून दूर सरकते आणि जुळणी मात्र जवळपास तितकीच चांगली राहते. म्हणून सेकंदाला 2 ते 3.5 किलोमीटरपर्यंतचे वेग एकेक करून तपासावेत. गोरख्यात फाटणे पूर्वेकडे गेले, त्यामुळे पूर्वेच्या केंद्रांवर नोंदीतील तरंगाचा स्पंद आखूड आणि पश्चिमेला लांबट दिसतो. ही खूण प्रतिमानाने उमटवलीच पाहिजे.

शेवटी ताळा पाहावा. भूकंपीय आघूर्ण म्हणजे खडकाची दृढता, क्षेत्रफळ आणि सरासरी सरकण यांचा गुणाकार. 140 × 50 किलोमीटर क्षेत्र, 3 मीटर सरकण आणि 30 गिगापास्कल दृढता धरली, तर मॅग्निट्यूड 7.8 येते. हा आकडा जुळला तरी काठमांडूकडे पाहिल्याशिवाय थांबू नये: तेथील जमीन सुमारे एक मीटर उंचावल्याचे जीपीएसने नोंदवले आहे, आणि गणनेत न वापरलेली ही उंची जे प्रतिमान सांगू शकत नाही, त्याची चौकटींची मांडणी पुन्हा तपासावी.